खोलीचं डिपॉझिट

माझा स्वभाव तापट आहे. पैशांचा विषय निघाला की मी आधी आवाज चढवते आणि विचार मागाहून करते. म्हणून मी घरखर्च वहीत लिहायचं ठरवलं तेव्हा नवऱ्याला वाटलं, बायकोचं हे नवं खूळ, आठवड्यात उतरेल.

आम्ही नेऱ्याचे. भाताची निम्मी खाचरं सासऱ्यांच्या हयातीतच विकली गेली. उरलेल्या रस्त्याकडेच्या पट्टीत आम्ही आठ खोल्या बांधल्या आणि हिंजवडीत कामाला येणाऱ्यांना भाड्याने दिल्या. लोकांना वाटायचं, यांना काय कमी? खरं तर खोल्यांवर बँकेचं कर्ज होतं, दारातल्या पांढऱ्या जीपचा हप्ता होता आणि मुलीच्या कॉलेजच्या फीसाठी माझ्या पाटल्या पतसंस्थेत गहाण पडल्या होत्या. नवरा गावातल्या लग्नांत फेटा बांधून पुढच्या रांगेत बसायचा, वाढदिवसांच्या फ्लेक्सवर झळकायचा, आणि दूधवाला महिन्याच्या वीस तारखेपर्यंत आमच्या दारातून हात हलवत परत जायचा.

पाटल्यांचं मला फार लागलं होतं. आईने स्वतःच्या मोडून माझ्या लग्नात केल्या होत्या. दीड वर्ष मी प्रत्येक समारंभाला काचेच्या बांगड्या घालून गेले आणि कुणी विचारलंच तर 'चोऱ्या किती वाढल्यात' म्हणून वेळ मारून नेली. वही सुरू केली ती त्या पाटल्यांसाठी. पहिल्या पानावर मी लिहिलं होतं, पाटल्या सोडवायच्या आणि पुन्हा काही गहाण टाकायचं नाही.

डाव्या बाजूला आवक, उजव्या बाजूला खर्च. दूध, किराणा, गॅस, वीज, फी, हप्ते. जे कुठेच बसेना ते 'इतर'. पहिला महिना संपला आणि बघते तर 'इतर' किराण्यापेक्षा मोठं. जत्रेची वर्गणी, आहेर, मित्रांना ढाब्यावर घातलेली जेवणं. मी वही नवऱ्यापुढे आपटली.

"ह्ये काय हाय?"

"माणसात ऱ्हायाचं म्हंजे एवढं लागतंच," तो म्हणाला.

"मग त्या माणसास्नीच सांगा हप्ता भरायला."

दोन दिवस अबोला होता. पण तिसऱ्या दिवसापासून ढाबा बंद झाला, एवढं श्रेय त्याला द्यायला हवं. मी मटण पंधरा दिवसांवर आणलं, दोनातला एक टीव्हीचा रिचार्ज काढून टाकला. मुलगी म्हणायची, "आई, आता शिंकलेलंपण लिही." मी लिहीत राहिले.

तिसऱ्या महिन्यात तीन रिकाम्या खोल्या एकदम भरल्या. प्रत्येकाने वीस हजार डिपॉझिट दिलं. ते साठ हजार मी आवकमध्ये लिहिले. आमच्याकडे रीतच तशी आहे. जाणाऱ्याचं डिपॉझिट येणाऱ्याच्या डिपॉझिटातून द्यायचं, मधल्या काळात ते पैसे आपले. गावात कुणी घरमालकाने ते बाजूला ठेवलेले मी पाहिले नव्हते. मी सरळ पतसंस्थेत गेले, पाटल्या सोडवल्या आणि तिथे काउंटरवरच हातात घातल्या. परत येताना रिक्षात मी रडत होते. घरी आल्यावर वहीतल्या त्या कर्जावर लाल रेघ मारली.

त्या तिघांत एक तरुण जोडपं होतं. धनगराची माणसं, मुळशीच्या वरच्या अंगाची. ती एका कंपनीच्या कँटीनमध्ये भाजी चिरायची, तिचा नवरा सोसायटीत वॉचमन होता. डिपॉझिट माझ्या हातात देताना ती म्हणाली होती, "तीन शेळ्या इकल्या, वहिनी. नीट ठिवा बरं."

"आमी कुटं पळून चाललोय?" मी हसून म्हटलं होतं.

सात महिन्यांनी ती दाराशी आली. लवळ्याला विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये दोघांनाही काम लागलं होतं, पगार जास्त होता. तिथे खोलीही बघून ठेवली होती, पण त्या मालकाला डिपॉझिट आधी हवं होतं. महिन्याची नोटीस ती रीतसर देत होती.

"तेवडे पैशे काडून ठिवा, वहिनी."

"व्हय, व्हय," मी म्हटलं.

महिन्याभरात नवा भाडेकरू मिळेल या भरवशावर मी होते. पण त्या वर्षी पलीकडे लिफ्टच्या, पार्किंगच्या दोन इमारती उभ्या राहिल्या. आमच्या तीन खोल्या आधीच रिकाम्या झाल्या होत्या आणि त्यांची डिपॉझिटं परत करण्यात हाताशी होतं नव्हतं ते गेलं होतं. लोक खोली बघून जायचे, 'कळवतो' म्हणायचे आणि कळवायचे नाहीत. सगळे हप्ते भरून वहीत हजार-बाराशे उरायचे.

महिना संपला. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात देते. पुढच्या आठवड्यात म्हटलं, सगळ्यांचं भाडं जमू दे. तिची लवळ्याची नोकरी सुरू झाली होती. दोघं उजाडायच्या आत निघायची, दोन रिक्षा बदलून जायची आणि जास्तीचा पगार त्या रिक्षांत संपायचा. तरी आमचं भाडं त्यांनी एकदाही चुकवलं नाही. मी तिचं तोंड चुकवायला लागले. ती नळावर दिसली की मी मागच्या दाराने जायचे. स्वतःच्या जागेत मी भाडेकरणीपासून लपत होते, आणि राग मात्र मला तिचाच येत होता. काय ही सारखी मागे लागली आहे!

पाटल्या पुन्हा ठेवाव्यात असं एकदा मनात आलं होतं. पण वहीचं पहिलं पान आठवलं. पुन्हा कर्ज नाही म्हणजे नाही. तिचे वीस हजार हेही कर्जच होतं, पण ते माझ्या वहीत कुठेच कर्ज म्हणून लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे मला ते कर्ज वाटतच नव्हतं.

एकदा तिने मला दारातच गाठलं. भाडेकरू निघाला की रंगाचे पैसे कापून घ्यायचे, असं नवरा नेहमी म्हणायचा, सगळेच कापतात. माझ्या तोंडून निघून गेलं, "भिती बघितल्यास का खोलीच्या? रंग दिल्याबिगर हिशेब कसा करायचा?"

मला पैसे कापायचे नव्हते, खरंच नव्हते. मला आणखी पंधरा दिवस हवे होते. भिंतींना काही झालेलं नाही, हे तिला माहीत होतं आणि मलाही. ती आल्या पावली परत गेली.

पुढच्या सुट्टीला त्यांच्या खोलीतून सकाळपासून सामान ओढल्याचे आवाज येत होते. संध्याकाळी ती मला बोलवायला आली. तिच्या केसांवर, हातांवर पांढरे शिंतोडे होते.

"चला, बगून घ्या."

आत गेले. चारही भिंती, छत, मोरीच्या वरची अरुंद पट्टीसुद्धा रंगवलेली. दाराला ऑइलपेंटचा नवा हात. सगळं सामान मधोमध चादरीखाली. आम्ही स्वतः कधी इतका नीट रंग दिला नव्हता. तिचा नवरा मोरीशी बसून ब्रश धूत होता, त्याने वर बघितलं नाही.

"आता करा हिशेब," ती म्हणाली.

दुसरं एखादं कारण सुचलं असतं तर मी तेही दिलं असतं, हे कबूल करते. पण सुचलं नाही.

"पैसे न्हाईत गं," मी म्हटलं. "खर्च झाले. तवाच झाले."

तिने माझ्या हातांकडे बघितलं.

"मग त्ये आदी सांगायचं व्हतं, वहिनी. ह्या रंगापायी मी मेसच्या मुकादमाकडनं तीन हजार उसनं घेतलं."

तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मीही चढवला असता, ते मला चांगलं जमतं. मी दोन्ही हात पदराखाली घेतले. मी कर्जातून सुटावं म्हणून ती बाई कर्जात गेली होती. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पतसंस्था उघडण्याआधी मी तिथल्या पायरीवर जाऊन बसले. पाटल्या पुन्हा ठेवल्या आणि तेवीस हजार उचलले, वीस तिचे आणि तीन रंगाचे. तिने ते माझ्यासमोर दोनदा मोजले. मी म्हटलं, चहा टाकते. ती म्हणाली, "नगं, टेंपो थांबलाय."

ती गेल्यावर मी वही उघडली आणि भाडेकरू असलेल्या खोल्यांची सगळी डिपॉझिटं खर्चाच्या बाजूला, देणं म्हणून लिहिली. बेरीज बघून कपाळाला हात लावला. इतकी वर्षं एवढं मोठं कर्ज आम्ही कमाई समजून खात होतो. नवऱ्याला वही दाखवली. या वेळी आपटली नाही, दाखवली. त्या वर्षी जीप विकली. तो महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही आणि लग्नांना मोटरसायकलवरून जाताना फेटा घरीच ठेवायला लागला.

आता आमच्यावर कुणाचं देणं नाही. पाटल्या परत आल्या, बँकेचा शेवटचा हप्ता गेल्या वर्षी गेला, डिपॉझिटाचं खातं वेगळं आहे. बचत गटाच्या बायका मला बोलवतात, कर्ज कसं फेडलंत ते सांगा म्हणतात. मी वही घेऊन जाते. 'इतर'चं सांगते तेव्हा त्या पोट धरून हसतात. जीपचं सांगते तेव्हा एकमेकींकडे बघून माना डोलावतात. त्यांच्यातल्या निम्म्या जणींच्या खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत. त्यांना खरं तर रंगाचंच सांगायला हवं. दर वेळी मी ते ठरवून जाते आणि दर वेळी जीपपाशी थांबते.