साइट बंद नव्हती

कळमनुरीच्या बाजारात माझं नेट कॅफे होतं. शेवटच्या वर्षी प्रवेश अर्जांच्या साइटवर रोज एक पिवळी पट्टी येऊ लागली: हा ब्राउझर जुना आहे, लवकरच त्यावर ही साइट उघडणार नाही. सकाळी संगणकांना उदबत्ती ओवाळली की मी ती पट्टी बंद करायचो. चालत्या मशीनला हात लावू नये, असं माझं मत होतं.

एका बाजारच्या दिवशी पट्टी आलीच नाही. पान कोरं राहिलं. मला कारण लगेच कळलं.

तेवढ्यात तांड्यावरचा एक बाप लेकीला घेऊन आला. तिला नर्सिंगचा अर्ज भरायचा होता आणि तो शेवटचा दिवस होता.

"सर्व्हर डाऊन हाय," मी म्हणालो.

"दुसरीकडं बघू का, काका?" पोरीनं विचारलं.

"समदीकडं बंद हाय."

बाप हसला. "बस की बाई. सर्व्हर म्हंजी रुसलेला जावई, येईल घटकाभरात."

स्टँडजवळ नवं कॅफे निघालं होतं. तिथं अर्ज भरले जात होते. पण माझी मशिनं जुनी झाली, हे मला गावात कळू द्यायचं नव्हतं. दोघं संध्याकाळपर्यंत बाकावर बसून राहिले. मी मधूनमधून तेच कोरं पान उघडून त्यांना दाखवत होतो.

पोरीचं वर्ष गेलं, मग शिक्षणच सुटलं. बाप अजून बाजारात भेटतो आणि सोबतच्यांना सांगतो, "पोरीच्या फारमासाठी यायनं लई तकलीफ घेतली."