रोडग्याच्या पंगतीत लायपेज

“तुम्ही खाता, पण चरबी पचतच नाही,” अकोल्याच्या डॉक्टरबाई रिपोर्ट बाजूला सारत म्हणाल्या. “तुमचं पॅनक्रियाज पुरेसं लायपेज बनवत नाही.”

पॅनक्रियाज म्हणजे स्वादुपिंड, जठरामागे दडून बसलेली ग्रंथी. लायपेज हे तिथून येणारे, चरबी फोडणारे एन्झाइम. बाईंनी समजावले ते मला इतके आवडले, की क्षणभर आजार माझा आहे हेच विसरलो. चरबीच्या रेणूला एक कणा आणि तीन शेपट्या. लायपेज कडेच्या दोन शेपट्या छाटते, मगच चरबी आतड्यातून अंगात शिरते. त्यातही नखरा असा, की या कात्रीवर झाकण असते. तेलाचा थेंब भेटला की ते उघडते. एरवी महाराणी पडद्यात.

त्याआधीचे दिवस नुसत्या वैतागाचे. संडास तेलकट, पाण्यावर तरंगणारी. ढिली पडलेली विजार धरून चालायची पाळी. आणि आमच्या शिरपुरात जो भेटेल तो वैद्य. मोठी वहिनी तर तुपाची वाटी घेऊनच उभी राही. “भाऊजी, तोंड नका वाकडं करू. प्या मुकाट्यानं.” मी पीत गेलो आणि वाळत गेलो.

निदानानंतर कॅप्सूल सुरू झाल्या. आत लायपेजचे बारीक दाणे. तरी वजन उतरतच राहिले. पुन्हा अकोला, पुन्हा तो बाक, पुन्हा शेजारच्याचा खोकला.

“असंच चाललं तर भरती करावं लागेल,” बाई म्हणाल्या. “कॅप्सूल कधी घेता?”

माझ्याआधी बायको, मंगला, बोलली. “पाटावर बसले का लगेच गिळतेत.”

आमच्याकडे शेवटचे ताट वाढल्याशिवाय कुणी घास उचलत नाही. घरीही तेच, पंगतीत तर विचारूच नका. भाजी येते, वरण येते, वाढपी मीठ विसरतो, मग मिठासाठी हाका. तोवर माझे लायपेज एकटेच पुढे गेलेले.

“पहिल्या घासाबरोबर घ्या. जेवण लांबलं तर मध्ये आणखी एक,” बाईंनी कपाळाला हात लावून सांगितले.

त्याच आठवड्यात केनवडला, सासुरवाडीला, रोडगे होते. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे, फोडून वर तुपाची धार. मी कॅप्सूल मुठीत धरून बसलो आणि शेजाऱ्याला झाकणाची गोष्ट सांगू लागलो. गोष्ट रंगली. ताटे वाढून झाली, माझा उजवा हात रोडग्यावर गेला. डाव्या मुठीत कॅप्सूल तशीच.

“जावईबापू,” समोरून सासऱ्यांचा आवाज आला, “गोळी पोटात गेली का नुसत्या गोष्टीच सांगून राह्यले?”

मी मूठ उघडली. पंगत हसली.

“थांबा रे सगळे,” सासरे म्हणाले. “आधी जावयाची गोळी, मंग आपला घास.”

साठेक माणसे गरम रोडग्यांसमोर हात आखडून माझ्या गळ्याकडे पाहत बसली. इतके एकाग्र प्रेक्षक मला जन्मात मिळाले नव्हते.

पुढच्या खेपेला वजन थांबले होते, त्याच्या पुढच्या खेपेला वाढले. भरती टळली. हे दुखणे तुमच्या वाट्याला आले, तर औषध कोणते एवढेच नका विचारू, नेमके केव्हा तेही विचारा. आणि लाजू नका, पंगतीला सांगून टाका. केनवडला आता वाढपीच शेवटच्या ताटापाशी उभा राहून ओरडतो, “गिळा भाऊजी, लोक उपाशी हायेत.”