अठ्ठ्याण्णवला मुदतवाढ

आमच्या कम्प्युटरला मुदतवाढ मिळावी म्हणून माझ्या वडिलांनी रीतसर अर्ज केला होता. तीन प्रतींत.

नाना नाशिक रोडच्या एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच महिन्यात त्यांनी कम्प्युटर घेतला. त्यात विंडोज अठ्ठ्याण्णव होती, म्हणून घरात त्याचं नावच पडलं 'अठ्ठ्याण्णव'. ("अठ्ठ्याण्णववर चहाचा कप कुणी ठेवला?" अशी गर्जना झाली की मी चाळिशीतला बाप्या बाथरूममध्ये लपायचो!) बरोबर मराठी टाइप करायचं एक सॉफ्टवेअर होतं आणि त्याचं बोटभर कुलूप. ते कुलूप कम्प्युटरच्या पाठीत खोचलं की मराठी चालू, काढलं की बंद.

नाना मूळचे सटाण्याकडचे. आमच्याशी शहरी मराठी बोलायचे, पण रागावले किंवा लाडात आले की थेट अहिराणी. "हे शब्द माझ्याबरोबर जायला नकोत," म्हणून त्यांनी अहिराणीचा कोश करायला घेतला. दर रविवारी सटाण्याला थोरल्या आत्याला फोन करायचा, ती सांगेल ते शब्द वहीत उतरवायचे आणि आठवडाभर एका बोटाने टाइप करायचे. प्रत्येक शब्दाला उदाहरण, आणि उदाहरणात मी, म्हणजे त्यांचा 'मना पोऱ्या' (माझा मुलगा)!

'बठ्ठं: सगळं, संपूर्ण. उदा. पोऱ्यानी बठ्ठं दूध सांडी टाकं.'

दूध मी सातवीत असताना सांडलं होतं. माफी नाही, थेट कोशात नोंद!

आठ वर्षांत नाना 'अ'पासून 'ब'पर्यंत आले. टाइप झालेल्या वह्या मी रद्दीत घालत गेलो. "आता कम्प्युटरमध्ये आहे ना, नाना! वह्या कशाला?" छापील प्रत काढायला नाना तयार नव्हते. 'ज्ञ' झाल्याशिवाय छपाई नाही, हा त्यांचा नियम.

२००६ च्या पावसाळ्यात मी पेपरात वाचलं की अठ्ठ्याण्णवला आता सुरक्षेचे अपडेट मिळणार नाहीत. मी सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअर्समध्ये होतो आणि ऑफिसात माऊस हलवायचो, एवढ्या भांडवलावर घरात मी कम्प्युटरतज्ज्ञ होतो. मी नानांना गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "नाना, अठ्ठ्याण्णव संपली. कंपनी तिला सांभाळणार नाही. आता कुठलाही व्हायरस येईल आणि तुमचे शब्द खाऊन जाईल."

"चालू शे ना ती! मंग सरनी कशी?" नाना भडकले.

"पण आपल्या कम्प्युटरला इंटरनेट कुठे आहे?" माझी बायको मीनल भाजी निवडता निवडता म्हणाली. "व्हायरस काय बसने येणार?"

(घरात हा एकच शहाणा प्रश्न विचारला गेला. आठ वर्षांत आम्ही एकही अपडेट घेतला नव्हता, घेणार कुठून? पण तज्ज्ञ माणूस बायकोचं ऐकत नसतो!)

नानांना मात्र मार्ग दिसला. "मुदतवाढ मागू. आमच्या साहेबांना दोनदा मिळाली होती." आणि त्यांनी अर्ज लिहिला. विषय: मुदतवाढ मिळणेबाबत. 'महोदय, सदर सिस्टीम गेली आठ वर्षे विनातक्रार सेवा बजावीत असून तिची प्रकृती उत्तम आहे. सबब, कोशाचे काम पूर्ण होईपर्यंत तिची सेवा पुढे चालू ठेवावी, ही विनंती.' सोबत खरेदीच्या बिलाची साक्षांकित प्रत. खोक्यावरचा पत्ता घालून अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने गेला. मी ऑफिसात ही गोष्ट रंगवून सांगितली, खूप हशा मिळवला.

महिना गेला. उत्तर नाही. "वरच्या टेबलावर असेल," नाना म्हणायचे आणि पोस्टमनची वाट पाहायचे.

तेवढ्यात आत्या आजारी पडली आणि नाना चार दिवस सटाण्याला गेले. माझ्या अंगात कर्तबगारी संचारली. दुकानातल्या विलासला बोलावलं.

"जुनं पुसून नवीन टाकून देतो, साहेब."

"नानांची फाईल?"

"सीडीवर घेतो ना! डेटा एकदम सेफ!"

नवी सिस्टीम आली. काय ते रंग, काय तो आवाज! पाठीमागचं कुलूप विलासने उपटून माझ्या हातात दिलं. "हे जुन्याचं आहे. नव्याला लागत नाही." सकाळी घंटागाडी आली तेव्हा ते मी स्वतः, या हाताने, गाडीत टाकलं. कोरडा कचरा म्हणून वेगळं टाकलं!

नाना परतले ते खिशात बसच्या तिकिटांच्या पाठीवर लिहिलेले चाळीसेक शब्द घेऊन. हातपाय न धुताच खुर्चीत बसले. मी बाजूला उभा राहून ऐटीत फाईल उघडली.

पडद्यावर इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस, पौंडाची चिन्हं. पानंच्या पानं.

नानांनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

"हाई काय शे?"

"कोश आहे, नाना. फक्त... दिसत नाहीये. पण सेफ आहे!"

त्यांनी खाली, आणखी खाली, पार शेवटपर्यंत जाऊन पाहिलं. मग अगदी हळू विचारलं, "बठ्ठं गयं?"

मला अर्थ विचारायची गरज नव्हती.

विलासने अठ्ठ्याण्णव परत टाकून दिली, पण कुलपाशिवाय मराठी उघडेना. कुलूप देणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. मी सीडी घेऊन शहरातल्या लग्नपत्रिकावाल्यांकडे फिरलो. प्रत्येकाकडे वेगळा फॉन्ट, आणि प्रत्येकाच्या पडद्यावर वेगळा चिवडा.

आठवड्याने रजिस्टरची पोचपावती आली, शिक्क्यासकट. नानांनी ती दोन्ही बाजूंनी वाचली.

"अर्ज पोचला होता रे," ते म्हणाले. "थोडा थांबला असतास."

ओरडले असते तर बरं झालं असतं. मी तयार होतो, बाथरूमची कडीही नीट केली होती. ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी शंभर पानी वही आणली आणि 'अ'पासून पुन्हा सुरुवात केली. पण आत्या त्याच हिवाळ्यात गेली. रविवारी फोनपाशी बसायचे, डायल करायचे नाहीत. दोन वर्षांनी नाना गेले, तेव्हा वही 'ग'पर्यंत आली होती.

ती जुनी फाईल मी प्रत्येक नव्या कम्प्युटरवर इमानाने नेत आलो आहे. आता सुरक्षेचे अपडेट वेळच्या वेळी येतात. फाईल इतकी सुरक्षित आहे की व्हायरसलाही ती वाचता यायची नाही.

वही मी नानांच्या दिवसांनंतर उघडली. दुसऱ्याच पानावर नोंद होती:

'आगाव: न सांगता नसते उद्योग करणारा. उदा. मना पोऱ्या.'

मीनल म्हणाली, "टाइप करून घ्यायची का? सुरक्षित राहील."

मी वही तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "कपाटात ठेव, कुलूप लाव, आणि किल्ली कुठे आहे ते मला सांगू नकोस."