कडक खळीचं विमान

आमचं विमान उडालं नाही, कारण त्याला खळ घातली होती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मेहुण्याने ते परदेशातून सुट्या भागांत पाठवलेलं. डोंबिवलीला आमच्या तळमजल्यामागच्या अंगणात मी ते जोडलं. अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा, तीन चाकं, एकामागे एक दोन खुर्च्या, पाठीशी इंजिन आणि पंखा. पंख मात्र नाहीत! त्यांच्या जागी दोऱ्यांनी मागे बांधलेली कापडाची भलीमोठी छत्री. तिला पुढून कप्प्यांची तोंडं; गाडी पळाली की त्यांत वारा भरतो, छत्री फुगून डोक्यावर येते आणि आपण वर! इंजिन वाढवलं की चढायचं, कमी केलं की उतरायचं, वळायला पायाने दोऱ्या ओढायच्या. (स्कूटरपेक्षा सोपं, असं मी सांगत सुटलो होतो. स्कूटर मला येत नव्हती.)

लहानपणी कळव्याच्या खाडीवर मान दुखेपर्यंत मी घारी बघितल्या होत्या. त्यांना वरून खाडी कशी दिसते, ते मला एकदा, फक्त एकदाच बघायचं होतं. शहाडच्या भोईरकाकांनी सरावाला आपलं मोकळं शेत दिलं होतं, तेही रविवारपुरतं. सोमवारी तिथे नांगर फिरणार होता.

शनिवारी ऑफिसातून आलो, तर छत्री गच्चीवर वाळत!

"सुधा, अगं हे काय?"

"धुतली. केवढी धूळ ती! आणि भाताची खळ घातलीय. चार लोकांत चुरगळलेलं नेणार का?"

"अगं, नायलॉन आहे ते!"

"तरीच! एकदा धरेचना, म्हणून दोनदा घातली."

मग तिने आणि शेजारच्या काकूंनी टोकं धरून साडीसारख्या घड्या घातल्या आणि छत्री गादीखाली दाबली. (आमच्याकडे इस्त्रीची हीच पद्धत.) त्या गादीवर मीच झोपलो, तेही आनंदाने!

शहाडला सुधा हट्टाने मागच्या खुर्चीत बसली. इंजिन गरजलं, गाडी सुसाट सुटली.

"वर आली का गं?" मी ओरडलो.

"नाही हो! पण घडी बघा, अजून तश्शी आहे!"

कप्प्यांची तोंडं खळीने गच्च चिकटली होती. छत्री मागून ढेकळं फोडत येत होती. समोर बांध आला. आम्ही त्यावर आपटून आडवे झालो आणि पंख्याचे तुकडे झाले.

भोईरकाका धावत आले. "आरं पोरा, यो इमान हाय का नांगर?"

सुधा रडायलाच लागली. "तुम्हाला खाडी बघायची होती ना हो!" तसला पंखा इथे कुठेच मिळाला नाही. सांगाडा भंगारात गेला. मी मात्र आजही घार दिसली की रस्त्यात थांबतो.

छत्रीचा आता सोसायटीच्या गणपतीला मंडप होतो. वारा शिरला की ती फुगते, बांबू करकरतात. मी कडेला एक बांबू घट्ट धरून बसतो.

"अहो, सोडा तो बांबू, आरतीला या," सुधा म्हणते. "मंडप काही उडून जात नाही."

"आणि गेलाच तर? मी काय खालीच राहू?"