दादाला वाचून दाखवलेलं पत्र

पंचाहत्तर सालच्या जानेवारीत, एका रविवारी, दादाने मला एक इंग्रजी पत्र वाचायला दिलं. मी ते खोटं वाचलं.

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला हे लिहितानाही भीती वाटते — पण दादा गेला, आणि आता गप्प राहण्याचीच जास्त भीती वाटते.

दादाची निफाडजवळ द्राक्षबाग होती. आदल्या वर्षी ती पाहायला अर्जेंटिनाचा एक बागायतदार आला होता. त्याने ओळखीच्या माणसाबरोबर रेड वाइनची बाटली पाठवली, सोबत हे पत्र. त्याचं गाव डोंगरावरच्या वाळवंटात. दिवसा ऊन भाजतं, रात्री बोटं आखडतात. दोन जातींच्या काळ्या द्राक्षांची वाइन वेगवेगळी मुरवून मग तो ती एकत्र करायचा — एकीचा रंग, दुसरीचा तुरटपणा.

दादा सातवी शिकलेला. मी नाशिकात मुलींच्या शाळेत शिक्षिका. घरात इंग्रजी येणारी मी एकटी.

वाइन कशाबरोबर घ्यावी तेही लिहिलं होतं: निखाऱ्यावर भाजलेलं मांस, जुनं चीज, फार तिखट नको. एवढं मी खरं वाचलं. दादा हसला. "तिखट नको? मग हा आपल्याकडं काय जेवला?" वहिनीने काळ्या मसाल्याचं मटण केलं होतं. बाटली हुंगून ती म्हणाली, यापेक्षा खोकल्याचं औषध बरं. दादाने स्टीलच्या पेल्यात ओतून रश्श्याबरोबर घोट घोट घेतली. पेला रिकामा केला. मग म्हणाला, "पुढचं वाच, मास्तरीणबाई. आपल्याकडं जमंल का, तेवढं सांग."

पुढे होतं — तुमचं गाव आमच्याइतकं उंच नाही, पण तुमच्या हिवाळ्यातल्या रात्री गार असतात. विहिरीजवळच्या रिकाम्या अर्ध्या एकरात करून पाहा, कलमं मी पाठवतो.

मी म्हणाले, "नाही जमणार म्हणतात. फार उंची लागते."

का? आठ दिवसांनी मला पाहायला सटाण्याची मंडळी येणार होती. दारू गाळणाऱ्याची बहीण — एवढंच डोक्यात घुमत होतं. पण लग्न ठरलं, झालं. त्यानंतर खरं सांगायला मला कुणी अडवलं होतं?

उत्तरही मीच लिहिलं. दादाने सांगितलं होतं, लिही, तुमची वाइन आमच्या मटणाबरोबर झकास लागते. मी लिहिलं, आभार, आम्हाला यात रस नाही. त्याचं पत्र बंबात घातलं. दादा मात्र वर्षभर विचारायचा, मटणाचं काय म्हणाला गं तो? दादाकडे टपाल आलं की मला धास्ती — दुसरं पत्र येईल, दुसरं कुणी वाचेल. आलं नाही. भीती गेली नाही.

दहा वर्षांनी जवळच कुणीतरी वाइनची द्राक्षं लावली. दादा पाहून आला. ओट्यावर बसला, माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिथं उंची किती असंल गं?"

माहीत नाही, म्हणाले मी. त्याला कळलं होतं का? त्याने पुन्हा विचारलं नाही.

परवा, तेराव्याला, पुतण्याने वाइनच्या द्राक्षांचा विषय काढला. वहिनी म्हणाली, "आपल्याकडं नाय जमत ते. आत्यानं वाचलंय." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तिथेच होते. मीही मान हलवली.

विहिरीजवळच्या त्या अर्ध्या एकरात आता टोमॅटो आहेत.