आरती होईपर्यंत

“आज साळवेबाबू बाहेर कसे जातील गं?”

माझ्या मागच्या ओळीत कुणीतरी कुजबुजलं. दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं असावं, कारण बांगड्या वाजल्या आणि दोघी गप्प झाल्या. मी वळून पाहिलं नाही. आवाज सुशीलामावशींचा होता, आमच्या चर्चच्या गायनमंडळातल्या. मावशी वाईट नाहीत. सकाळपासून मम्मीला धरून त्याच बसल्या होत्या, आलेल्या-गेलेल्यांचा चहाही त्यांनीच केला होता. बोलणं तोंडातून निसटलं एवढंच. समोर वेदीच्या पायरीशी साळवेबाबूंची, म्हणजे माझ्या पप्पांची, शवपेटी ठेवली होती. पूर्णेचं आमचं चर्च लहान आहे. पेटी मध्ये ठेवल्यावर दोन्ही बाजूंना बसायला जेमतेम सतरंजीएवढी जागा उरली होती आणि अर्धी माणसं दाराबाहेर उभी होती.

पप्पांना जाऊन आता दीड महिना झाला. त्यांच्याविषयी लिहायला बसले की मला पहिल्यांदा मावशींचं तेच वाक्य ऐकू येतं... कारण पप्पा बाहेर जायचे हे आमच्या सगळ्या चर्चला माहीत होतं. का जायचे, ते फारसं कुणाला माहीत नव्हतं.

पप्पा पूर्णा स्टेशनवर बुकिंग क्लार्क होते. मी दुसरीत असताना फादर जेरोम आमच्याकडे बदलून आले. ते वसईकडचे, तरुण, उत्साही. आपण ख्रिस्ती आहोत म्हणून परके नाही, आपली उपासना इथल्या मातीतली दिसली पाहिजे, असं त्यांना मनापासून वाटायचं. त्यांनी बाकं काढून सतरंज्या घातल्या. चपला दाराबाहेर काढायला लावल्या. मेणबत्त्यांच्या जागी समई आली. आणि मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, फादर भाकर आणि प्याला वर उचलतात, त्या वेळी आरती सुरू झाली. झांजा, उदबत्त्या, फुलं आणि पितळेच्या ताटात पाच वाती. ताट धरायला निवडली ती माझी मम्मी. पहिल्या रविवारी झांज वाजली तसे पप्पा उठले आणि शांतपणे बाहेर गेले. लोकांना वाटलं, ड्यूटी असेल. गाणं संपलं तसे परत येऊन आपल्या जागी बसले. पुढच्या रविवारी तेच. मग लोकांना सवय झाली. गाणं लांबलं की कुणीतरी म्हणायचं, आवरा, बाबू उन्हात उभे हायत.

बाहेर बदामाचं झाड आहे. पप्पा त्याच्याखाली दाराकडं तोंड करून उभे राहायचे, दोन्ही हात पाठीमागं बांधून. मला तेव्हा आरती फार आवडायची. ताट लोकांमधून फिरायचं. आम्ही ज्योतीवरून हात फिरवून चेहऱ्याला लावायचो आणि त्याच हातानं क्रूसाची खूण करायचो. ती खूण मला इतर वेळच्या खुणेपेक्षा जास्त खरी वाटायची, कारण कपाळ गरम लागायचं. शेजारच्या घरी मी पाहिलं होतं, देवळात न आलेल्या माणसासाठी आरती हातातून घरी नेतात. म्हणून मी ज्योतीवर हात धरायचे, मुठी मिटून पळत बाहेर जायचे आणि पप्पांच्या गालांना लावायचे. तोवर हात गारच झालेले असायचे. पप्पा खाली वाकायचे, गाल पुढं करायचे, आणि “आलं का पार्सल?” म्हणायचे. पण पाठीमागचे हात सोडायचे नाहीत. पुढं मी परभणीच्या इंग्लिश मीडियम शाळेत जायला लागले, उंच झाले, चारचौघांत पळायची लाज वाटायला लागली आणि ते पार्सल कधी बंद झालं ते मला आठवतही नाही.

एका रविवारी मिस्सेनंतर फादरांनी सगळ्यांना थांबवलं. काही जुन्या माणसांना आरती खटकत होती. ज्यातून निघून आलो तेच पुन्हा कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं. तरुणांना ती हवी होती. बराच वेळ दोन्हीकडून बोलणं झालं. फादर समजावत होते की दिवा कुणा एका धर्माचा नसतो, आपण या देशातले आहोत तर आपल्या मातीतलं देवाला द्यायला नको का. पप्पा इतका वेळ काही बोलले नव्हते. ते हळूच म्हणाले, “कुणाच्या मातीतलं, फादर? आमच्या मातीत दिवा नव्हता. आमी दिवा लांबून बघणारे.”

फादर काही हार मानणाऱ्यांतले नव्हते. “म्हणूनच तर, साळवेबाबू,” ते म्हणाले, “आता तो तुमच्या हातात द्यायचाय.”

“हात तेच हायत ना, फादर.”

कुणाला काही कळलं नाही. शेवटी ठरलं की आरती चालू राहील आणि ज्यांना नको त्यांच्यावर सक्ती नाही. नको असलेल्यांपैकी बाकीचे हळूहळू आत बसायला लागले. बाहेर जाणारे एकटे पप्पा उरले.

याची एक गंमत होती. स्टेशनवर पप्पांना उलट बाजूनं झगडावं लागायचं. तिथं कुणी म्हणायचं, “काय बाबू, तुमच्या चर्चात आता आरत्या? आमच्या लोकांना वढायचा धंदा दिसतोय.” आणि पप्पा, जे आरतीच्या वेळी बाहेर उभे राहायचे, ते खिडकीतून तिकीट देता देता सांगायचे की दिवा लावायला परवानगी लागती काय, माझी बायको ओवाळती, येऊन बघा एकदा. घरी येऊन हे सांगताना त्यांना स्वतःलाच हसू यायचं. मम्मी म्हणायची, “तिथं माझी बाजू घेता आन् हितं झाडाखाली उभं ऱ्हाता.” ती खिडकी पप्पांना फार आवडायची. दिवसभर सगळ्या गावाचे हात तिच्यातून आत यायचे. सुटे पैसे हातावर ठेवावे लागतात, तिकीट हातात द्यावं लागतं. “हितं कोण बघत न्हाई कुणाच्या हातचं हाय ते,” असं ते एकदा म्हणाले होते. मी तेव्हा अभ्यास करत होते. ऐकलं आणि सोडून दिलं.

खरं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. मी नांदेडला कॉलेजात होते. रविवारची संध्याकाळ, गाडीला उशीर होता आणि पप्पा मला बसवून द्यायला आले होते. आम्ही बाकावर बसलो होतो. मला कुणालाच काही विचारायची सवय नाही, पण त्या दिवशी कसं कोण जाणे, विचारलं. पप्पांनी रुळांकडं बघतच सांगितलं. सोनपेठकडच्या त्यांच्या गावी मारुतीचं देऊळ होतं. संध्याकाळी आरती व्हायची. आमच्या वस्तीतली पोरं रस्त्याच्या पलीकडं उभी राहून बघायची. त्याच्या पुढं यायचं नाही हे सगळ्यांना पाठ होतं. एक दिवस पुजारी ताट घेऊन देवळाबाहेर आले. पायऱ्या उतरून रस्त्यापर्यंत आले. कुणी पाहुणे बैलगाडीत बसून होते, त्यांच्यासाठी ते ताट होतं. पप्पा मध्ये उभे होते.

“मला वाटलं, माझ्यासाठीच आणलंय,” पप्पा म्हणाले. “म्या हात केले पुढं.”

मारलं वगैरे नाही. पुजाऱ्यांनी ताट नुसतं जमिनीवर ठेवलं आणि मागं सरकले. वाती तशाच जळत होत्या. मग पप्पांच्या वडिलांना बोलावणं गेलं आणि त्यांनी सगळ्यांसमोर पोराच्या वतीनं माफी मागितली. कुणीतरी ते ताट राखेनं घासायला घेतलं. पप्पा तिथंच उभे राहून बघत होते. “लय घासलं, बेटा,” एवढंच ते म्हणाले.

मी म्हटलं, पप्पा, पण आता ताट आपलं आहे, मम्मीच्या हातात आहे. ते म्हणाले, “डोक्याला कळतंय ना. हाताला कळंना.” त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले होते, थंडी वाजल्यासारखे. मला ते हात धरायचे होते. तेवढ्यात गाडी आली.

त्यानंतर आम्ही हा विषय कधी काढला नाही. नोकरी लागल्यावर मी सुट्टीला यायचे, रविवारी मम्मीबरोबर आत बसायचे आणि आरतीच्या वेळी दाराबाहेरची ती उभी आकृती दिसते का ते बघायचे. ती दिसायचीच. पप्पा गेले त्या सकाळी मम्मीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघत होते. रात्री जेवून नेहमीसारखे झोपले होते, सकाळी उठलेच नाहीत. कुणाला हाकसुद्धा मारली नाही. मिळेल त्या गाडीनं मी पूर्णेला पोचले. घरी गर्दी होती. मम्मी मला बघून रडली नाही, तिनं फक्त जवळ ओढलं आणि अगदी कानाशी एक गोष्ट सांगितली, जशी काही तीच सांगायची राहिली होती. काही वर्षांपूर्वी तिनं पप्पांना विचारलं होतं, मी ताट सोडून देऊ का, तुम्हाला एवढा त्रास होतोय तर. ते म्हणाले होते, “नको सोडू. तू ओवाळतीस तवा बाहेरून लय चांगलं दिसतं.”

फादर जेरोमांची बदली होऊन बरीच वर्षं झाली होती. निरोप मिळताच ते आले, केस पांढरे झालेले. मिस्सा त्यांनीच करायची असं ठरलं. पेटीत पप्पांना त्यांचा निवृत्तीसाठी शिवून ठेवलेला कोट घातला होता. छातीवर दोन्ही हात एकमेकांवर ठेवून त्यांत रोझरीची माळ गुंडाळली होती. आरतीच्या जागी ते हात मी पहिल्यांदाच असे पुढं बघत होते, सगळ्यांसमोर, उघडे. मला बघवत नव्हतं... आणि तेव्हाच मागून मावशींचं ते वाक्य आलं.

वाचनं झाली, प्रवचन झालं. फादर पप्पांविषयी थोडक्यात बोलले आणि वेदीकडं वळले. आरतीचं गाणं सुरू झालं तशा बायका उठल्या. नेहमी मम्मी उठायची. तिनं उठायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. मावशींनी वाती पेटवल्या आणि ताट माझ्यासमोर आणलं. त्यांचे डोळे भरलेले होते. “तू घे माय,” त्या म्हणाल्या, “बापाला तुझ्या हातचं पोचू दे.” मी ताट घेतलं. ते वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं. आरतीला कुणाचीच चूक नव्हती. फादर चांगल्या मनानं आले होते, मावशी चांगल्या मनानं रडत होत्या आणि मला स्वतःला ती अजूनही आवडते. पण पेटी पायरीला लागून होती आणि पप्पांना उठता येत नव्हतं.

चर्चमध्ये मी कधी वाचनही केलेलं नाही. नाव सुचवलं की घाम फुटतो. मी ताट मावशींच्या हातात परत दिलं आणि उभी राहिले. पेटी खांद्यावरून आणणारे स्टेशनवरचे चौघे पुढंच बसले होते. त्यांतला एक माझ्याकडं बघून उठायला लागला, मला चक्कर येतेय असं त्याला वाटलं असावं. गाणं थांबलं. फादर माझ्याकडं बघत होते.

मी म्हटलं, “फादर, आरती होईपर्यंत पप्पांना बाहेर बदामाखाली नेऊ या. मी थांबते त्यांच्यापाशी.”