सुईमावशीचा हात

सुईमावशीने पस्तीस वर्षं दवाखान्यात पोरांना लसी टोचल्या आणि निवृत्त झाल्यावरही तो तोरा काही खाली ठेवला नाही. इमारतीत कुणी शिंकलं की हिचं दार उघडलंच.

मग सशांची साथ आली. संध्याकाळी पाला खाणारा ससा सकाळी नाकातून रक्त येऊन आडवा. घरातल्या सशालाही सुटका नव्हती, कारण रोग गवतातून, चपलांतून घरात येत होता. इमारतीत ससे दहा, लसीच्या बाटलीतही दहा डोस, आणि बाटली उघडली की त्याच दिवशी संपवायची.

"सगळे इकडे आणा, मी टोचतो," जनावरांचा डॉक्टर म्हणाला.

"तुझ्याएवढे मी रांगेत उभे करून टोचलेत," मावशी म्हणाली. "ससा म्हणजे काय रे, कान लांबलेलं बाळ. दे बाटली."

"मावशी, सशाची कातडी सैल असते, सुई..."

"मला कातडी शिकवू नकोस."

दवाखान्यात गर्दी होती. गर्दीत शहाणपण जड होतं. त्याने बाटली दिली.

मावशीने आपल्या जेवणाच्या टेबलावर चादर अंथरली आणि धडाका लावला. चिमटीत मानेची कातडी उचलायची, सुई खुपसायची, लगेच स्पिरिटचा बोळा फिरवायचा. मालक मंडळी माना डोलवत होती. एक गृहस्थ तर सशाला "झालं हं राजा, संपलं" म्हणत डोळे पुसत होता. स्वतःच्या पोराच्या लसीला त्याची बायको एकटी गेली होती.

दहावा ससा मावशीचा. तोवर बोळे संपले होते. घरचाच आहे म्हणून तिने तसाच टोचला, आणि बघते तर मानेच्या पलीकडचे केस ओले. सुई एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर आली होती. लस केसांना पाजली होती. पोरांच्या घट्ट मांड्यांवर तयार झालेला हात, त्याला सैल कातडी काय ठाऊक? आधीचे नऊही ओलेच होते, पण ते स्पिरिटने की लसीने, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

बाई चार दिवस गप्प बसली. पस्तीस वर्षांची अब्रू, सशांसाठी कोण घालवतो? पाचव्या दिवशी समोरच्या इमारतीतला ससा गेला, तेव्हा कुठे हिचे पाय हलले. दारोदार जाऊन सांगितलं, "दुसरा डोस लागतो. नियमच आहे. या वेळी डॉक्टरकडे जा, माझी कंबर धरलीय." आठ जणांनी निमूट ऐकलं. मेंढरांना नियम म्हटलं की पुरतं. स्वतःचा ससाही तिने डॉक्टरकडून टोचून आणला.

राहिली नववी, वरच्या मजल्यावरची सख्खी नणंद.

"मी नाही येत," नणंद म्हणाली. "तू टोचलंस ना? मग झालं. जन्मात पहिल्यांदा तुझ्यावर विश्वास ठेवलाय, वहिनी, तो तरी राहू दे."

"वन्सं, नियम आहे."

"नियम त्या डॉक्टरचे. हात तुझा. मला हात पुरे."

तिच्या मांडीवर ससा पाय ताणून पडला होता. मावशीने त्याच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

"हात चुकला," ती म्हणाली. "सुई आरपार गेली. तुमच्या सशाला थेंब तरी मिळाला का, मला माहीत नाही."

नणंदेने सावकाश चष्मा काढला. तीस वर्षं ती या वाक्याची वाट पाहत होती.

"बाकीच्यांना काय सांगितलंस?"

"दुसरा डोस."

"आणि मलाच खरं?"

"तुम्ही हलत नव्हता."

"चल," नणंद उठली. "सशाची टोपली तू घे. आणि जिन्यात कुणाला काय सांगायचं ते मी बघते."

खाली उतरताना लागलेल्या पहिल्याच दारावर तिने बेल दाबली, वहिनीचा हात चुकला हे सांगायला. मावशीने अडवलं नाही. दवाखाना बंद व्हायला वीस मिनिटं होती. ती टोपली सांभाळत पुढे उतरत राहिली.